पायी चालणाऱ्यांचा निवाडा

चैत्रातले ऊन म्हणजे काय, हे खान्देशातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. सकाळी दहानंतर रस्ते ओस पडतात, बाजारपेठेतली दुकाने दुपारी पडदे ओढून घेतात आणि पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या खाली यायला तयार नसतो. नेमक्या याच दिवसांत, रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत भरणाऱ्या सप्तशृंगगडाच्या यात्रेसाठी धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून हजारो माणसे पायी निघतात. धुळ्याहून निघालेला जथा मालेगाव, सौंदाणे, देवळा, कळवण असे टप्पे घेत नांदुरीला पोहोचतो आणि तिथून गड चढतो. शिरपूर, चोपडा, अमळनेर या बाजूंनी येणाऱ्यांची वाट याहूनही लांब असते. पुढे ज्येष्ठात मुक्ताईनगरच्या कोथळीतून मुक्ताईची पालखी निघते आणि बुलढाणा, जालना, बीड या जिल्ह्यांतून महिनाभर चालत आषाढीसाठी पंढरपुरात पोहोचते. पंढरीला येणाऱ्या मानाच्या पालख्यांमध्ये इतकी लांबची वाट तुडवणाऱ्या पालख्या थोड्याच आहेत.

या दोन्ही वाटांवर चालणाऱ्यांना अलीकडे दोन प्रकारची माणसे भेटतात. एक प्रकार रस्त्याच्या कडेला उभा असतो आणि हातात पाण्याचा पेला धरून थांबायची विनंती करतो. दुसरा प्रकार मोबाईलच्या पडद्यावर असतो आणि चालणाऱ्याची दहा-पंधरा सेकंदांची चित्रफीत पाहून तो भक्त आहे की ढोंगी, शहाणा आहे की मूर्ख, याचा निकाल देऊन टाकतो. यावरून आपण सहज असे म्हणून मोकळे होतो की गावाकडची माणसे प्रेमळ आहेत आणि समाजमाध्यमांवरची माणसे विखारी आहेत. मला हे विधान चुकीचे तर वाटतेच, शिवाय ते धोक्याचेही वाटते, कारण दोन्हीकडे माणसे बहुतांशी तीच आहेत. फरक पडतो तो गोष्टी कोणत्या क्रमाने घडतात यामुळे. वाटेवर आधी माणूस समोर येतो, त्याची गरज दिसते, ती भागवली जाते, आणि मत बनवायचेच असेल तर ते त्यानंतर बनते. पडद्यावर मत आधी मागितले जाते. माणूस समोर येण्याची वेळ बहुधा येतच नाही.

वाटेवर नेमके काय घडते ते बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण त्याचे वर्णन बहुतेक वेळा 'सेवा' एवढ्या एका शब्दात उरकले जाते. गावाच्या शिवेवर मांडव पडतो. ट्रॅक्टरला जोडलेला पाण्याचा टँकर येतो, बर्फाच्या लाद्या येतात, पिंपात ताक घुसळले जाते. कुठे खिचडी, कुठे वरण-बट्टी, कुठे नुसते शेव-मुरमुरे आणि कैरीचे पन्हे. हे अन्नपाणी झाले. त्याच्या पलीकडे कितीतरी गोष्टी असतात ज्या छायाचित्रात येत नाहीत. कोमट पाण्यात मीठ टाकून भरलेली घमेली ओळीने ठेवलेली असतात, कारण तापलेल्या डांबरावर अनवाणी चाललेल्या पायांना आलेले फोड नुसत्या मलमाने बसत नाहीत. एखादा केशकर्तन करणारा दिवसभर फुकट दाढी करून देतो. एखादा चर्मकार तुटलेल्या चपलांचे अंगठे शिवून देतो. कोणी लांब वायर ओढून पाच-सहा मोबाईल एकदम चार्ज होतील अशी पट्टी लावून ठेवतो, म्हणजे चालणाऱ्याला रात्री घरी फोन करता येईल. शाळेची खोली उघडली जाते आणि अंगणातल्या बाजा बाहेर काढल्या जातात. या सगळ्यांहून मोठी मदत मला वाटते ती रस्त्याकाठच्या घरातली बाई करते. ती जथ्यातल्या बायकांना हळूच बाजूला घेऊन आपल्या घरातली न्हाणी आणि संडास वापरायला सांगते. शेकडो किलोमीटरच्या वाटेवर बायकांची सर्वांत अवघड अडचण तीच असते आणि ती बोलून दाखवायची कोणाला सोय नसते.

या सगळ्या देण्याघेण्यात प्रश्न अगदी थोडे विचारले जातात. गाव कोणते, किती जण आहात, जेवण झाले का, मागे कोणी राहिले आहे का. 'बठ वं माय, पानी पीसन जाय,' असे अहिराणीत म्हणणाऱ्या म्हातारीला समोरच्या बाईने नवस कशासाठी केला हे ठाऊक नसते आणि ते जाणून घेण्याची तिला गरजही वाटत नाही. चालणारी श्रद्धेने चालते आहे की शेजारणीने आग्रह केला म्हणून, तिचा मुलगा आजारी आहे की घरात भांडण झाले म्हणून ती बाहेर पडली आहे, याने पाण्याचे मोल बदलत नाही. देणाऱ्याच्या मनात आणखी एक भाव असतो. घेणाऱ्याने घेतले तर आपलेच भले झाले, असे त्याला मनापासून वाटते. म्हणून मांडवातला माणूस 'घ्या हो, थोडे तरी घ्या' अशी विनवणी करीत रस्त्यावर येतो. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, तेव्हा वय, पैसा, शिक्षण यांची चौकशी आधी होत नाही. माणसाची पात्रता तपासण्याचे काम या वाटेने कोणावर सोपवलेलेच नाही.

आता पडद्याकडे वळू. तिथे हाच जथा दिसतो, पण त्याचा एक तुकडा दिसतो. दिवसभर तीस किलोमीटर चाललेली पोरे संध्याकाळी टेम्पोवरच्या गाण्यावर पाच मिनिटे नाचली, तर तेवढीच पाच मिनिटे फिरतात. मग दोन्ही बाजूंनी निकाल सुरू होतात. एक बाजू म्हणते की ही रिकामटेकडी पोरे आहेत, यांना नोकरीधंदा नाही, घरात म्हाताऱ्या आईला पाणी देत नाहीत आणि देवीला भेटायला निघाली आहेत. उन्हात तडफडून मेले तर दोष कोणाचा. दुसरी बाजू स्वतःला धार्मिक म्हणवते आणि तिचे शब्द तितकेच कठोर असतात: पायात बूट घालून चालतो तो कसला भक्त, गुडघे दुखले म्हणून टेम्पोत बसली ती बाई घरीच राहिली असती तर बरे, दर्शनाआधी स्वतःची छायाचित्रे काढणाऱ्यांनी यात्रेचा बाजार केला. सप्तशृंगगडावर २०१८ साली फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाल्यापासून ट्रॉलीने वर जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनाही असे बोल ऐकावे लागले आहेत. नास्तिकाने आणि आस्तिकाने एकाच माणसाला दोन बाजूंनी धारेवर धरावे आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही नसावा, अशी ही विचित्र सभा आहे.

यातले काही लिहिणारे मला माहीत आहेत, आणि म्हणूनच मी वर म्हटले की माणसे तीच आहेत. महामार्गाच्या कडेला घामाघूम होऊन ताक वाटणारा तरुण रात्री घरी पोहोचल्यावर दुसऱ्या एखाद्या यात्रेच्या, दुसऱ्या एखाद्या जातीच्या किंवा धर्माच्या मिरवणुकीच्या चित्रफितीखाली अत्यंत विषारी वाक्य लिहू शकतो. त्याचा दुपारचा चांगुलपणा खोटा नसतो. पण दुपारी त्याच्यासमोर तहानलेला माणूस होता आणि हातात ताकाचा पेला होता. रात्री त्याच्यासमोर फक्त चित्र असते आणि चित्राला ताक देता येत नाही. आवडले, हसू आले, राग आला, पुढे पाठवले आणि दोन ओळी लिहिल्या, एवढ्याच क्रिया त्याला उपलब्ध असतात, आणि त्या सगळ्या मतप्रदर्शनाच्या आहेत. माणसाला काही करावेसे वाटते, आणि करण्यासारखे दुसरे काही नसले की तो निकाल देतो. शिवाय रस्त्यावर आपण ज्याच्याशी बोलतो तोच आपले बोलणे ऐकत असतो, त्यामुळे जीभ आपोआप आवरली जाते. पडद्यावर बोलणे चालणाऱ्याविषयी असते, पण ते ऐकवायचे असते आपल्या बाजूच्या मंडळींना. बोलणे जितके टोकाचे तितकी त्यांची दाद मोठी.

यावर एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते की शब्दांनी कोणाचे काय बिघडते, बोलणारे बोलतात आणि चालणारे चालतात. वारीच्या परंपरेला हे उत्तर मान्य होण्यासारखे नाही. लोकांच्या बोलण्याने दुखावलेल्या ज्ञानेश्वरांनी झोपडीची ताटी लावून स्वतःला कोंडून घेतले आणि धाकट्या मुक्ताईने त्यांची समजूत घालून ती उघडायला लावली, ही कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आहोत. ज्ञानेश्वरांसारख्यालाही लोकनिंदा आत जाऊन बसायला लावू शकते, हे ज्या परंपरेने सांगितले आणि जिने मुक्ताईची पालखी शेकडो किलोमीटर खांद्यावरून नेली, तिला शब्दांची ताकद कळत नाही असे कोण म्हणेल?

पण खान्देशापुरते बोलायचे तर शब्दांचे परिणाम सांगण्यासाठी सातशे वर्षे मागे जाण्याची गरज नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावात आठवडे बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे होते आणि भिक्षा मागत गावोगाव फिरणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय होता. मुले पळवणाऱ्या टोळ्या फिरत आहेत, असे संदेश त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवरून सगळीकडे पसरले होते, आणि अनोळखी चेहऱ्यांविषयीचा निकाल ते चेहरे गावात दिसण्याआधीच लागून गेला होता. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले गेले. यातले बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले होते. मंगळवेढा पंढरपूरला अगदी लागून आहे.

या शेवटच्या तपशिलापाशी मला थांबावेसे वाटते. त्या वर्षी आषाढी एकादशी २३ जुलैला होती, म्हणजे १ जुलैला मुक्ताईची पालखी वाटेवर होती. खान्देशातली माणसे पंढरपूरच्या दिशेने चालत होती आणि वाटेतल्या गावांमधले अनोळखी लोक त्यांना बसवून जेवू घालत होते. त्याच दिवशी बहुतांशी पंढरपूरच्या परिसरातून खान्देशात आलेली पाच माणसे मारली गेली. एका बाजूला अनोळखी माणसाच्या खांद्यावर पताका होती, दुसऱ्या बाजूला झोळी. दोन्हीही मागून खाणाऱ्यांच्याच परंपरेतले, दोन्हीही देवाचे नाव घेणारे. राईनपाड्याच्या लोकांना मी जन्मतः क्रूर मानत नाही. तो डोंगराळ, गरीब, आदिवासी वस्तीचा भाग आहे आणि आपल्या लेकरांविषयीची त्यांची भीती खरी होती. पण पडद्यावरून आलेल्या निकालाने त्या भीतीला चेहरा पुरवला. गाव कोणते, जेवलात का, या प्रश्नांच्या उत्तरांना किंमत असते ती निकाल लागलेला नसेपर्यंतच. तो आधीच लागला असेल तर समोरच्याने काय उत्तर दिले याने काहीच फरक पडत नाही. म्हणून पडद्यावरचे जग वेगळे आणि खऱ्या वाटेवरचे जग वेगळे अशी वाटणी करून आपण निर्धास्त होऊ शकत नाही. पडद्यावरची सवय केव्हाही रस्त्यावर उतरू शकते, आणि आपल्या जिल्ह्यात ती एकदा उतरलेली आहे.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच गटांना किंवा व्यक्तींना पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल अशी ती आणखी आवळली. या मर्यादांचा उपयोग आहे, पण त्या फक्त वेगाला आवर घालतात. निकाल देण्याची घाई माणसाच्या मनात असते आणि तिला आवर घालायला बाहेरची कंपनी पुरेशी पडणार नाही.

माझ्या म्हणण्याला एक गंभीर आक्षेप घेता येतो. वाटेवरची माया तरी सर्वांना सारखी मिळते का? ज्याच्या खांद्यावर भगवी पताका आहे, ज्याच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, त्याच्यासाठी मांडव पडतो. त्याच रस्त्याने कोयता आणि भांडीकुंडी घेऊन जाणाऱ्या ऊसतोड कुटुंबासाठी पडत नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. राईनपाडा हे त्याचे सर्वांत भयंकर उदाहरण आहे. पण वाट माणसाला काहीतरी शिकवते, आणि ते शिकलेले पताकेच्या पलीकडेही जाऊ शकते, याचाही पुरावा आपल्याच महामार्गावर आहे. मे २०२० मध्ये टाळेबंदीत मुंबई, ठाणे, नाशिककडून निघालेले मजूर मुंबई–आग्रा महामार्गाने मालेगाव, धुळे, शिरपूर ओलांडून मध्य प्रदेशाच्या सीमेकडे चालत होते. ना पालखी, ना अभंग, ना नवस. उलट प्रत्येकाच्या मनात संसर्गाचे भय होते. तरीही या रस्त्याच्या काठावरच्या लोकांनी त्यांच्यासाठी पोळी-भाजीची पाकिटे बांधली, पाण्याचे पिंप भरून ठेवले, चपला गोळा करून वाटल्या. चैत्रात मांडव घालण्याचा सराव ज्या हातांना होता त्यातले कितीतरी हात तिथे होते. उन्हात चालून आलेल्या माणसाला काय लागते, मीठ किती लागते, पाय कुठे सोलतात, हे त्यांना शिकवावे लागले नाही.

त्याच दिवसांत पडद्यावर काय चालले होते तेही विसरता येत नाही. ८ मे २०२० रोजी पहाटे औरंगाबादजवळ, करमाडच्या अलीकडे, रेल्वेरुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांच्या अंगावरून मालगाडी गेली. हे मजूर जालन्याहून पायी निघाले होते आणि त्यांना भुसावळ गाठायचे होते, कारण तिथून घरी जाणारी गाडी मिळेल अशी त्यांना आशा होती. म्हणजे ते आपल्याकडेच येत होते. ते भुसावळला पोहोचले असते तर त्यांना पाणी पाजणारे हात स्टेशनाबाहेर नक्की भेटले असते. पण त्यांच्या मृत्यूची बातमी आली आणि तिच्याखाली हजारो लोकांनी एकच प्रश्न लिहिला: रुळांवर कोणी झोपते का? या प्रश्नाला उत्तर होते. रात्रभर चालून थकलेला माणूस जिथे सपाट जागा मिळेल तिथे अंग टाकतो, आणि टाळेबंदीत गाड्या बंद आहेत असे जो समजून चालतो त्याला रुळांची भीती वाटत नाही. दिंडीत एकदा जरी चालून गेलेला माणूस हे सांगू शकला असता, कारण रात्री मुक्कामाच्या आधी पाय कसे आपोआप थांबतात आणि मग जागा निवडण्याचे भान उरत नाही, हे त्याने स्वतःच्या अंगावर घेतलेले असते. पण तो प्रश्न कोणाला उत्तर हवे म्हणून विचारलेला नव्हता. प्रश्नाच्या वेशात तो निकालच होता.

दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेने येतो, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. माया, सेवा, पाण्याचा पेला हे सगळे चांगले. पण माणसे केवळ प्रेमळ राहिली आणि कोणी कठोर बोललेच नाही तर अन्याय जसाच्या तसा चालू राहील. वारीच्याच इतिहासात याचे उत्तर आहे. शतकानुशतके वाटेवर सर्वांना माउली म्हटले जात होते आणि तरीही पंढरपूरच्या मंदिराचे दार दलितांना बंद होते. वाटेवरच्या मायेने ते दार उघडले नाही. ते उघडण्यासाठी अमळनेरच्या शाळेत शिक्षक राहिलेले साने गुरुजी उभे राहिले. त्यांनी आधी महाराष्ट्रभर दौरा करून लोकांसमोर हा प्रश्न मांडला आणि मग १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषण आरंभले; १० मेला मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर ते सुटले. साने गुरुजींचे ते करणे म्हणजे निवाडाच होता, आणि अतिशय कठोर निवाडा होता: तुमची भक्ती अपुरी आहे, असे त्यांनी भक्तांना तोंडावर सांगितले. पण त्या निवाड्याच्या पाठीमागे त्यांनी स्वतःचा जीव ठेवला होता. ते गावोगाव लोकांसमोर उभे राहिले, विरोध करणाऱ्यांचे बोल त्यांनी समोरासमोर ऐकून घेतले आणि ज्यांच्यावर टीका केली त्यांच्याच दारात ते उपाशी बसले. आज पडद्यावर जे चालते त्याला टीका म्हणताना आपण हे लक्षात ठेवायला हवे. टीकेला विरोध करण्याचा माझा हेतू नाही. जी टीका करणाऱ्याला काहीच मोजावे लागत नाही आणि जी ज्याच्यावर केली त्याच्यापर्यंत पोहोचवण्याची गरज वाटत नाही, तिला टीका म्हणायला मी तयार नाही.

आणि टीका करण्यासारखे या वाटांवर पुष्कळ आहे. प्रत्येक मांडवापुढे प्लॅस्टिकच्या पेल्यांचा आणि थर्माकोलच्या पत्रावळींचा थर साचतो आणि जथा पुढे गेल्यावर तो शेतात उडतो. गुरे ते खातात. टेम्पोवरच्या ध्वनिवर्धकांचा आवाज कित्येकदा असह्य असतो आणि रात्री दहानंतर दवाखान्यासमोरूनही तो कमी होत नाही. ऊन टाळण्यासाठी रात्री चालावे लागते आणि रात्री महामार्गावर भरधाव वाहनांच्या बाजूने, काळोखात, पाठीवर कोणतीही चकाकणारी पट्टी नसताना माणसे चालतात. यात्रेकरूंना वाहनाने उडवल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. मधुमेह असलेली माणसे अनवाणी चालून पायाला जखमा करून घेतात आणि घरच्यांना सांगत नाहीत. उष्माघाताची पहिली लक्षणे जथ्यातल्या पुढाऱ्याला ओळखता येत नाहीत, म्हणून घाम थांबलेल्या, बरळू लागलेल्या माणसाला 'देवीचे नाव घे' म्हणून आणखी दोन किलोमीटर चालवले जाते. या गोष्टींवर गप्प बसणे म्हणजे माया करणे नव्हे.

या प्रत्येक गोष्टीवर वाटेवरच उपाय करणारी माणसेही मी पाहिली आहेत, आणि समाजमाध्यमांवर त्यांच्याविषयी फार थोडे येते. काही मांडवांनी पेले बंद करून माठ आणि स्टीलची भांडी ठेवली आणि ती धुवायला गावातली मुले बसवली. काही जथ्यांनी पताकेच्या काठीला आणि मागच्या माणसाच्या पिशवीला लाल चकाकी पट्टी चिकटवली, शेवटी दिवा लावलेली मोटारसायकल ठेवली, आणि पहाटे चार ते सकाळी नऊ, पुन्हा संध्याकाळी पाचनंतर, एवढेच चालायचे असा नियम केला. एखाद्या तरुण डॉक्टरने घमेल्यात पाय बुडवून बसलेल्या म्हाताऱ्याशी बोलता बोलता त्याची साखर तपासली आणि त्याला चपला घालायला राजी केले. 'अनवाणी चालणे ही अंधश्रद्धा आहे' असे तो डॉक्टर म्हणू शकला असता, आणि पडद्यावर त्याने तसे लिहिले असते तर त्याला भरपूर दाद मिळाली असती. त्याने आधी पाय हातात घेतला, मग गाव विचारले, मग सल्ला दिला. म्हाताऱ्यानेही ऐकले, कारण सांगणाऱ्याने आपला पाय धुतला होता.

म्हणून पायी यात्रांविषयी ज्यांना मनापासून काही म्हणायचे आहे, मग ते श्रद्धावान असोत वा श्रद्धा न मानणारे, त्यांनी एक दिवस तरी त्या वाटेवर घालवावा, अशी माझी मागणी आहे. भक्ती करायला यावे असे माझे म्हणणे नाही. माठ भरायला यावे, गर्दी हाताळायला यावे, वाटल्यास विरोध करायला यावे, पण समोर यावे. आणि ज्यांना येणे शक्य नाही, ज्यांच्या हातात फक्त मोबाईल आहे, त्यांनाही करण्यासारखे काम आहे. आळंदी आणि देहूहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाचे भूमिपूजन नोव्हेंबर २०२१ मध्ये झाले, तेव्हा त्या योजनेत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र मार्ग धरलेला होता. चालणाऱ्यांच्या जिवासाठी रस्त्याची आखणी बदलता येते, हे शासनाने मान्य केलेले आहे. मालेगाव–सौंदाणे–देवळा–कळवण–नांदुरी हा रस्ता आणि मुक्ताईनगरहून निघणारी पालखीची वाट यांच्यासाठी असाच विचार व्हावा, अशी मागणी ठोस पुराव्यानिशी करायला हवी. ती करताना नाचणाऱ्या पोरांच्या चित्रफितींचा काही उपयोग नाही. कोणत्या वळणावर रस्त्याला कडाच नाही, कोणत्या पाच किलोमीटरांत एकही झाड उरलेले नाही, कोणत्या गावात बायकांसाठी संडास नाही, कोणत्या पुलावर चालणाऱ्याला कठड्याला टेकून उभे राहावे लागते, हे त्याच मोबाईलवर टिपून, जागेचे नाव आणि वेळ घालून, सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आणि त्या त्या ग्रामपंचायतीकडे पाठवता येते. चैत्राची गर्दी सुरू होण्याआधी त्या नोंदींवर ग्रामसभेत ठराव करून घेता येतो, आणि निदान तात्पुरते संडास, पाण्याचे टँकर व रात्रीचे दिवे एवढी तरी सोय पहिल्याच वर्षी पदरात पाडून घेता येते.